विमानात विचित्र वास आला तर गप्प बसू नका

“अहो, ते मास्क सोडा ना खाली! माणसं गुदमरायची वाट बघताय का?”

केबिन क्रूच्या नोकरीत ऐकलेलं हे वाक्य अजून कानात आहे. विमान उतरायला लागलं होतं आणि मागच्या भागात ओल्या, न धुतलेल्या मोज्यांसारखा कुबट वास पसरला होता. पाठोपाठ विरळ धूसरपणा आला. ते काका संतापले होते आणि त्यांच्या शेजारी बसलेली मुलगी डोळे चोळत होती. त्या क्षणी मी त्यांना नीट समजावू शकले नाही, ते आज सविस्तर लिहिते आहे.

डोक्यावरचे ते पिवळे मास्क धुरासाठी नसतात. केबिनमधला हवेचा दाब घसरला, तर तेवढ्यापुरते ते कामी येतात. त्यांतून येणारा ऑक्सिजन केबिनच्याच हवेत मिसळून नाकात जातो, म्हणजे हवा दूषित असेल तर मास्क लावूनही तीच हवा आत घेतली जाते. शिवाय बहुतेक विमानांत हा ऑक्सिजन रासायनिक क्रियेतून तयार होतो. ती यंत्रणा खूप तापते, आणि कुठे आग लागली असेल तर जास्तीचा ऑक्सिजन तिला भडकवतो. वैमानिकांचे मास्क मात्र वेगळे असतात. त्यांतून शंभर टक्के ऑक्सिजन मिळतो आणि वास जाणवताच त्यांनी ते चढवायचे असतात, कारण विमान सुखरूप उतरवायला ते शुद्धीवर असायलाच हवेत.

आता हा वास येतो कुठून? बहुतेक प्रवासी विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून घेतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. जमिनीवर उभं असताना बरेचदा ती शेपटातल्या एपीयूमधून, म्हणजे छोट्या सहायक इंजिनातून येते. इंजिनातलं तेल सीलमधून थोडं जरी झिरपलं, तरी ते तापून त्याची वाफ हवेबरोबर आत येते. कधी हायड्रॉलिक तेल, म्हणजे चाकं-ब्रेक दाबाने चालवणारं तेल असतं, कधी पंखांवरचा बर्फ काढायला फवारलेलं रसायन, तर कधी पुढे उभ्या असलेल्या विमानाचा धूर. केबिनमधल्या हेपा फिल्टरवर लोकांचा फार विश्वास असतो. तो जंतू आणि बारीक कण अडवतो, पण वायू आणि वाफा त्यातून आरपार जातात.

इंजिनाच्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन असतं आणि त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक आहेत. अशा घटनांनंतर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, डोळे चुरचुरणं हे मी सहकाऱ्यांमध्ये पाहिलं आहे. दीर्घकाळच्या त्रासासाठी ‘एरोटॉक्सिक सिंड्रोम’ हे नाव १९९९ साली पुढे आलं. त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण एकमत नाही म्हणून त्रास झालेल्या माणसाला “तुझ्या मनाचे खेळ आहेत” असं सांगून घरी पाठवायचं, हे मला पटत नाही. कधीच पटलं नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. ज्या यंत्रात इंजिनाच्या तापमानापासून टायरच्या दाबापर्यंत सगळं मोजतात, त्यात माणसं श्वासात घेतात ती हवा दूषित झाली की नाही हे सांगणारा सेन्सर बहुतेक विमानांत नाही. तिथे भरवसा फक्त नाकावर, आणि नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं! बोइंग ७८७ हे विमान २०११ पासून सेवेत आहे. त्यात केबिनसाठी इंजिनाची हवा घेतच नाहीत, वेगळे विजेवरचे कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत घेतात. म्हणजे पर्याय आहे, तंत्र आहे.

वासाकडे दुर्लक्ष का करायचं नाही, ते १९९८ च्या स्विसएअर १११ च्या अपघातात दिसलं. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आधी नुसता वास आला होता. तो वायरिंगजवळच्या आगीचा होता. साधारण २१ मिनिटांत विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २२९ जण गेले. तेलाची वाफ आणि आग या वेगळ्या गोष्टी आहेत, पण सीटवर बसून नुसत्या वासावरून फरक कळत नाही.

म्हणून वास आला की लगेच क्रूला सांगा. कुठल्या रांगेत, कधीपासून, कशासारखा. “जळल्यासारखा”, “मोज्यांसारखा”, “रॉकेलसारखा”, काहीही चालेल, त्यावरून वैमानिकांना अंदाज बांधता येतो. डोक्यावरच्या झरोक्यातून तीच हवा येत असते, तेव्हा त्याचा झोत तोंडावर घेऊ नका. धूर दिसला तर डोकं खाली ठेवा आणि नाकातोंडावर कापड धरा. ओल्या कापडाने काजळी थोडी अडते, वायू नाही. बाहेर पडायची सूचना आली तर बॅग तिथेच राहू द्या. वरचा कप्पा उघडायला थांबलेला एक माणूस मागच्या सगळ्यांची वाट अडवतो.

उतरल्यावर त्रास होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या विषारी वायूची तपासणी करून घ्या. काही तासांतच त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, दुसऱ्या दिवशी गेलात तर हाती काही लागत नाही. विमान कंपनीला लेखी कळवा आणि फ्लाइट नंबर, सीट नंबर, वेळ नक्की लिहा.

त्या दिवशी उतरल्यावर खिडकीजवळच्या एक बाई मला हळूच म्हणाल्या, “मला निघतानाच वास आला होता हो, पण म्हटलं, विमानात असा येतच असेल.”