सात माणसांची युनियन? एका प्रतिक्रियेला उत्तर

'युनियन, नोंदणी आणि मान्यता' या माझ्या लेखाखाली 'एक लघुउद्योजक' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणू नये म्हणून ती पूर्ण देतो.

"लेख म्हणजे युनियनवाल्यांचं पत्रक आहे. तुमच्यासारख्या पांढरपेशा लेखकांनी आयुष्यात कधी शॉप फ्लोअरवर पाय ठेवलेला नसतो. वस्तुस्थिती अशी की सात माणसं जमली की युनियन होते आणि तीनशे माणसांचा कारखाना वेठीला धरते. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते बघा. बाहेरचे पुढारी येतात आणि खिसे भरून जातात. उत्पादकतेबद्दल लेखात एक अक्षर नाही, नवीन कायद्याबद्दल नाही. असलं वाचून पोरं बिघडतात. लेख काढून टाका."

महोदय, आपण लेख वाचलात, वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. मतभेदाचं मला वावडं नाही. या लेखमालेत मालकांची बाजू मांडणाऱ्या कितीतरी प्रतिक्रिया आल्या आणि त्यांना मी सविस्तर उत्तरं दिली आहेत. पण आपली प्रतिक्रिया माझ्या मांडणीवर सुरू होत नाही, माझ्यावर सुरू होते. मी कोण, कुठे काम केलं, कशावर जगलो, यातलं काहीही आपल्याला ठाऊक नाही. तरी पहिल्या दोन वाक्यांत आपण मला पत्रक लिहिणारा ठरवलंत आणि शॉप फ्लोअर न पाहिलेलाही ठरवलंत. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर ते खोडावं. त्याची जात-कुळी काढून काय साधतं?

आता विषय काढलाच आहात तर सांगतो. मी आयटीआय करून मशीन शॉपमध्ये लागलो. लेथवर उभा राहिलो, तिन्ही पाळ्या केल्या. सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवं नेमणूकपत्र, हे मी स्वतः भोगलं आहे. २४० दिवस भरले की माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून त्याला त्याआधीच घरी पाठवायचं. हे काय असतं ते मला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. पुढे परमनंट झालो, युनियनच्या कमिटीवर निवडून आलो, मागणीपत्रं लिहिली, करारावर सह्या केल्या, चार्जशीटही (कंपनीचं आरोपपत्र) घेतली. कंपनीचं नाव घेणार नाही. तिथे आजही माणसं काम करतात, आणि हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण 'कधी पाय ठेवलेला नसतो' हे वाक्य लिहिण्याआधी एकदा विचारायला हवं होतं.

असो. आता तुमच्या त्या एका वाक्याकडे वळतो: सात माणसं जमली की युनियन होते आणि तीनशे माणसांचा कारखाना वेठीला धरते. चुकीच्या समजुतींचं सगळं मूळ याच वाक्यात आहे, म्हणून त्यालाच सविस्तर उत्तर देतो.

सात हा आकडा १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यातला. किमान सात जणांनी अर्ज केला की युनियनची नोंदणी मागता येत असे. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली: आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढे तरी सभासद हवेत, आणि सातपेक्षा कमी कधीच नकोत. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच अट आहे. म्हणजे तुमच्या तीनशेच्या कारखान्यात नुसत्या नोंदणीलाच तीस सभासद लागतात. सात पुरतात ते सत्तर माणसांपर्यंतच्या ठिकाणी. तुम्ही स्वतः उद्योजक म्हणवता आणि तुमचंच गणित तुम्ही तपासलेलं नाही.

पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे आणि मूळ लेखात तो मी दोनदा लिहिला होता. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. मान्यता म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणी करण्याचा हक्क. नोंदणीने युनियनला कायद्यापुढे अस्तित्व मिळतं. तिला मालमत्ता ठेवता येते, दावा लावता येतो, आणि कामगारांनी एकत्र येऊन संप करायचं ठरवलं म्हणून त्यांच्यावर कटाचा खटला भरता येत नाही. हे संरक्षण का द्यावं लागलं? १९१८मध्ये मद्रासला बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन झाली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी हायकोर्टात जाऊन वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. आरोप काय, तर कामगारांना नोकरीचा करार मोडायला चिथावलं. युनियन चालवणं हाच गुन्ह्यासारखा प्रकार ठरत होता. १९२१मध्ये कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला आणि पाच वर्षांनी कायदा झाला. तो झाला युनियनच्या माणसाला कोर्टकचेरीत भरडलं जाण्यापासून वाचवण्यासाठी. मालकाने युनियनशी बोललंच पाहिजे, असं त्यात कुठेही नव्हतं. १९४७मध्ये मान्यतेची कलमं घालणारी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अमलातच आली नाही.

महाराष्ट्रात ही उणीव १९७१च्या कायद्याने भरून काढली. कामगारांत त्याला एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात: कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित प्रथा रोखणारा. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत मान्यता हवी, तर आधीचे सहा महिने सलग किमान तीस टक्के कामगार सभासद असले पाहिजेत. तीनशेच्या कारखान्यात नव्वद. आणि हे युनियनने सांगून भागत नाही. औद्योगिक न्यायालयात अर्ज जातो, नोटीस लागते, दुसऱ्या युनियनला आणि मालकाला हरकत घेता येते, तपासणी अधिकारी सभासद नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्या पाहतो. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत झाली पाहिजे, ठराव इतिवृत्तात लिहिले पाहिजेत, हिशेब शासनाच्या ऑडिटरला दाखवावे लागतात.

आमच्या युनियनची नोंदणी झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि मागणीपत्र घेऊन पर्सोनेलमध्ये (कर्मचारी विभागात) गेलो. मॅनेजरने कागद परत दिला. म्हणाला, मान्यता घेऊन या. कायद्याने तो बरोबर होता! मग आम्ही घरोघरी जाऊन पावत्या फाडल्या. कुणाला वाटे की नाव वहीत गेलं की नोकरी गेली. कुणी रात्री पैसे देई आणि सकाळी परत मागायला येई. तपासणी अधिकारी आला तेव्हा एकेका पावतीवरची सही माणसाला समोर बसवून पडताळली गेली. निकाल लागेपर्यंत कमिटीतल्या दोघांची दुसऱ्या खात्यात बदली झाली होती आणि एकावर चौकशी बसली होती. तीस टक्के हा आकडा कागदावर छोटा दिसतो. तो जमवताना माणसाची किती दमछाक होते हे मी पाहिलं आहे, आणि म्हणून सात माणसांची गोष्ट कुणी इतक्या सहज सांगितली की मला राग येतो. तो मी लपवत नाही.

आता संप. त्याच १९७१च्या कायद्यात विहित नमुन्यात चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय केलेला संप बेकायदा ठरतो. मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी तिच्या सभासदांचं बहुमतही घ्यावं लागतं. घेराव घालणं, मुद्दाम काम रेंगाळवणं, मॅनेजरच्या घरापुढे निदर्शनं करणं या गोष्टी युनियनच्या अनुचित प्रथा म्हणून परिशिष्टात लिहिलेल्या आहेत. तुमच्यासाठी हत्यारं आहेत, साहेब. ती वापरायला वकील आहेत, न्यायालयं आहेत. कामगाराकडे काय आहे? त्याच कायद्याचं दुसरं पान आहे: युनियनमध्ये गेलास तर काढून टाकू अशी धमकी देणं, स्वतःची पोसलेली युनियन उभी करणं, माणसाला कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता) किंवा हंगामी कामगार म्हणून ठेवणं, या मालकाच्या अनुचित प्रथा. ही यादी तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच येत नाही. माझ्या लेखात मात्र दोन्ही याद्या आहेत. पत्रकात दोन्ही याद्या नसतात.

गिरण्यांचं काय झालं ते बघा, असं तुम्ही लिहिता. ठीक, बघू या. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पण तो सात माणसांच्या युनियनने केला का? उलट घडलं होतं. गिरण्यांना १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एका शहरातल्या एका उद्योगाची एकच प्रातिनिधिक युनियन, आणि तिला पंचवीस टक्के सभासदत्व पुरे. ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. करार करायचा हक्क फक्त तिचा. १९८१च्या बोनसच्या वादात कामगारांचा तिच्यावरचा उरलासुरला विश्वास गेला, ते सामंतांकडे गेले, आणि संपाच्या मागण्यांत हा कायदाच रद्द करा ही मागणी आली. मालक आणि सरकार म्हणत राहिले की बोलणी होतील ती मान्यताप्राप्त युनियनशीच. ज्यांच्याशी कामगार होते त्यांना बोलण्याचा हक्क नव्हता, आणि ज्यांना हक्क होता त्यांच्याशी कामगार नव्हते. या कोंडीत लाखो घरं उद्ध्वस्त झाली. गिरण्यांची जुनी यंत्रं, मालकांनी न केलेली गुंतवणूक, पुढे जमिनींना आलेला भाव, या सगळ्याला मी आत्ता हात घालत नाही. पण यातून धडा घ्यायचाच तर तो असा की मान्यता सभासदांच्या खऱ्या कौलावर हवी. युनियन नको, हा धडा यातून निघत नाही.

याच शहरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे ना सभासदांची नोंदवही होती, ना निधी, ना लिखित नियम. तरी १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, कारण हजारो माणसं त्यांच्या सभेला उभी राहिली होती. युनियनचं बळ तेव्हाही माणसांत होतं आणि आजही तिथेच आहे.

बाहेरच्या पुढाऱ्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मी अंशतः मान्य करतो. खिसे भरणारे पुढारी झाले आहेत. एकाच माणसाने पाच-पन्नास कारखान्यांच्या युनियन चालवल्या आणि कामगारांना करार वाचूनही दाखवला नाही, असंही घडलं आहे. पूर्वी पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे बाहेरचे चालत. २००१च्या दुरुस्तीने ते एक तृतीयांश किंवा पाच, यातले जे कमी तेवढ्यावर आणले, ते योग्यच झालं. मात्र गेटच्या आतला माणूस बोलला की त्याची नोकरी जाते, तिथे बाहेरचा माणूस लागतोच. ज्याला तुम्ही काढू शकत नाही असा एकजण तरी टेबलाच्या पलीकडे बसलेला असावा, एवढीच त्यामागची गरज.

उत्पादकता हा त्या लेखाचा विषय नव्हता. नवीन संहितेबद्दल लेख येणार आहे, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल. तूर्त एवढं सांगतो की तिच्यात एकाहून अधिक युनियन असतील तर वाटाघाटीचा एकटीचा हक्क मिळायला एकावन्न टक्के लागतात, आणि तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान वीस टक्के सभासद असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बसते. सात तिथेही नाहीत.

पोरं बिघडतात, या वाक्याने मात्र मी दुखावलो. हे लेख वाचून मला पत्रं येतात ती कंत्राटदाराकडे राबणाऱ्या, पगाराची स्लिप कधी न पाहिलेल्या मुलांची. नोंदणी कुठे करायची, चार्जशीटला किती दिवसांत उत्तर द्यायचं, कोऱ्या कागदावर सही मागितली तर काय करायचं, एवढंच त्यांना हवं असतं. आपल्या हक्काचं कलम माहीत असलेला कामगार तुम्हाला बिघडलेला वाटत असेल, तर तुमची तक्रार माझ्या लेखाशी नाही, कायद्याशी आहे.

लेख मी काढणार नाही. त्यातला एखादा आकडा किंवा कलम चुकीचं वाटत असेल तर कोणतं ते लिहा, मी कायदा काढून ताडून पाहीन. माझ्या पेशाबद्दल पुन्हा लिहिलंत तर त्याला उत्तर मिळणार नाही. पुढचा लेख खातेअंतर्गत चौकशीवर आहे.