52 मिनिटांचं अंतर

सासऱ्यांना घेऊन विमानानं जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, अंतर किती आणि वेळ किती?" जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेला माणूस. "साधारण तासभर" असल्या उत्तरात त्यांना अफरातफरीचा वास येतो.

मोबाइलवर शोधलं. दोन विमानतळांमधलं अंतर 700 किलोमीटर, वेळ 52 मिनिटं. त्यांनी वहीत ताळा केला: 700 भागिले ताशी 800. जमलं! आता हे खरं मानायचं तर विमानानं एका धावपट्टीवर 800च्या वेगातच प्रकट व्हायला हवं आणि दुसरीवर त्याच वेगात अंतर्धान पावायला हवं. दुसरीकडे बघितलं तर 1 तास 22 मिनिटं. तिथं चढण्या-उतरण्याची म्हणून 30 मिनिटं सरसकट मिळवली होती. आणि तिकिटावर 1 तास 35! कारण तिकिटावरचा वेळ नुसता हवेतला नसतोच. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर जाऊन लागलं की बंद. शिवाय वाटेत रखडलंच तर असू द्यावीत म्हणून वरची काही मिनिटं.

"वरची म्हणजे?" सासऱ्यांनी चष्मा काढला. "आम्ही याला तरतूद म्हणायचो. आणि कशासाठी केली ते शेजारी लिहायचो."

एवढ्यात त्यांना आणखी एक आकडा सापडला. "अहो, इथून बघा, फक्त 378 आहे!"

"ते सागरी मैल आहेत, बाबा. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर."

"वाटेत समुद्र लागतो?"

"नाही."

"मग?"

मी बॅगेची चेन नीट लागते का, ते बघायला उठलो.

खरी परीक्षा विमानात झाली. समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं. उड्डाण झालं आणि 700चे 704 झाले, मग 709. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. "जावईबापू, आपण लांब चाललोय."

विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, त्या दिवशी वारा नेमका उलट्या बाजूनं होता, आता वळेल, असं मी समजावलं. आवाज जरा मोठा लागला असावा. पुढच्या रांगेतले दोघंही पडद्याकडे संशयानं बघू लागले. काही मिनिटांनी खिडकीखाली पुन्हा आमचंच विमानतळ आलं. "निघालो तिथंच," सासरे म्हणाले आणि वहीत काहीतरी खोडलं.

पुढे मात्र तोच वारा पाठीशी लागला. वर 100चा वारा पाठीमागून असला तर 800चे 900 होतात आणि परतताना समोरून आला तर 700च उरतात, हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"म्हणजे येताना वेळ जास्त. आणि भाडं?"

"तेच."

"हं."

चौदा मिनिटं आधी उतरलो. माझी कॉलर ताठ. तेवढ्यात घोषणा झाली: आपल्या विमानाची उभं राहायची जागा अजून रिकामी नाही, कृपया बसून राहा. अर्धे प्रवासी डोक्यावर बॅगा आणि मान वाकडी अशा अवस्थेत उभे होते, ते तसेच राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

सासऱ्यांनी पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे वहीत लिहिलं: "अंतर 0 किमी. वेळ चालू."