नाद, पगार आणि मी न लिहिलेल्या गोष्टी (एका कमेंटला उत्तर)

दादा, नमस्कार. तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला बसलो, खरं सांगतो चिडूनच बसलो होतो, पण बायको म्हणाली आत्ता झोपा, उद्या लिहा. बरं झालं ऐकलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी सांगलीतल्या हळदीच्या अडतीवरची हिशेबाची नोकरी सोडून पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायला कसा लागलो ते लिहिलेलं. त्यावर दादा म्हणतात की हे पोट भरलेल्यांचं बोलणं आहे, माझा मुलगा कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्याने हाच लेख मला फॉरवर्ड केला आणि म्हणतो मी पण राजीनामा टाकतो आणि पक्ष्यांचे फोटो काढतो, कॅमेऱ्याचे हप्ते अजून चालू आहेत ते तुम्ही भरणार का? आणि किर्लोस्करांचं उदाहरण दिलं म्हणून कोणी किर्लोस्कर होत नसतो.

हप्ते मी भरणार नाही. बाकी तुमचं बरंच बरोबर आहे.

'एक दिवस नोकरी सोडली' असं वाक्य मी लिहून मोकळा झालो, त्या एका वाक्यात नऊ वर्षं गेलीत. २०१३ पासून दर रविवारी मिरजेला एका कारागिरांकडे जाऊन बसायचो, पहिले काही महिने नुसता भाता उघडायचा, जुनं कातडं खरवडायचं, परत चिकटवायचं, सुरांना, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या पितळी पात्यांना, हात लावू द्यायचे नाहीत. सोमवारी सकाळी परत अडतीवर. आणि घर वडिलांचं आहे, भाडं नाही, बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, तिचा पगार महिन्याला येतोच. हे मी लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नाही, पण लिहिताना आपण जरा हिरो होतो, तसा झालो. तुमच्या पोराने वाचून राजीनाम्याचा विचार केला असेल तर त्यात माझी चूक आहे, मान्य.

किर्लोस्करांचं मात्र मी सोडणार नाही, कारण ते उदाहरण तुमच्याच बाजूचं आहे, मीच अर्धवट सांगितलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर, ते नांगराच्या कारखान्याचे, मुंबईला गेले ते चित्रकार व्हायला. जे. जे. कला शाळेत शिकताना कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकला तिथंच संपली. पण रेषा हातात होती, ती घेऊन ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईतच तांत्रिक शाळेत मास्तर झाले. नोकरी चालू असतानाच सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायचे, भाऊ तिथं विकायचा. लोखंडी नांगर काढला तर लोक म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. आपल्या इकडं किर्लोस्करवाडी, म्हणजे त्यांच्या कारखान्याचं गाव, झाली ती १९१० ला, म्हणजे सायकलीच्या धंद्यानंतर वीसेक वर्षांनी. आता यात पहिला नाद टिकला का? नाही. नोकरी सोडून उडी मारली का? तेही नाही. लेखात मी फक्त माळावर कारखाना उभा राहिला एवढंच लिहिलं, ते वाचून कुणालाही वाटणारच की दोन दिवसात झालं.

माझंही तसंच. मला पेटी वाजवायचा नाद. वाजवून मला आजपर्यंत कुणी दहा रुपये दिले नाहीत, आणि ऐकलंत तर तुम्हीपण देणार नाही. पैसे मिळतात ते दुरुस्तीचे.

हे कळलं २०१९ च्या पुरात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ ची आहे, म्हणजे किती ते बघा. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या एका गावातली भजनी मंडळाची माणसं टेम्पोतून चार पेट्या घेऊन आली. लाकूड फुगलेलं, सरसाचे जोड सुटलेले, पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या, भात्यातून वाळलेला गाळ अक्षरशः ढेकळं पडावीत तसा पडला. पण आतले सूर पितळेचे, ते शाबूत होते, फक्त हिरवे पडलेले. एकेक काढून दात घासायच्या ब्रशने साफ केले. मग सूर लावायचे. पात्याच्या टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि घासणं म्हणजे किती, तर केसाएवढं, जास्त झालं की परत दुसऱ्या टोकाने भरपाई करत बसा. एका पेटीला चार-पाच रात्री गेल्या. त्यातली एक वाचलीच नाही, तिचे सूर काढून दुसरीत घातले. त्यांच्याकडे द्यायला त्यावेळी काहीच नव्हतं, पुढच्या दोन वर्षांत मात्र त्यांच्यामुळं आसपासच्या सहा-सात गावांच्या पेट्या माझ्याकडे आल्या.

तरीपण नोकरी सोडली नव्हती हां. २०२० ला लॉकडाऊन लागला, सप्ताह बंद, पायी वारी बंद, कितीतरी महिने एक पेटी आली नाही. तेव्हा घर अडतीच्या पगारावर आणि बायकोच्या पगारावर चाललं. सोडली ती २०२२ ला.

आणि मजा कायम राहते असंही नाही. सप्ताहांच्या सीझनला रात्री दोनपर्यंत तेच तेच भाते, स्वतःसाठी पेटी वाजवायला हल्ली आठवड्यातून एकदा बसलो तरी खूप. मिरजेत सतार-तानपुऱ्याची जी घरं आहेत (२०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यांच्या वाद्यांना) तिथं पॅशन वगैरे शब्द कुणाच्या तोंडी ऐकला नाही मी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, बाप कापतो, पोरगं बघतं, हात बसतो. आवड असेल-नसेल, जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासणी, चुकली तर गिऱ्हाईक परत आणून देतं. मला वाटतं मी उलटं समजत होतो, आवड आधी आणि हात नंतर. माझ्याबाबतीत तरी हात बसला तशी आवड वाढत गेली.

आता तुमच्या मुलाचं. राजीनामा देऊ नको म्हणून सांगा, माझं नाव घेऊन सांगा. पण कॅमेरा विकून टाक असंही म्हणू नका, कमेंटमध्ये शेवटी तुम्ही ते लिहिलंय आणि ते मला खटकलं. पक्ष्यांना पैसे द्यायची सवय नाही, पण जावळ, साखरपुडा, दुकानाचं ओपनिंग, हे करणाऱ्यांना असते. ते त्याला हलकं वाटत असेल तर मलाही भाते चिकटवणं हलकंच वाटायचं.

एक करा. त्याला येत्या रविवारी माझ्याकडे पाठवा, पत्ता मेसेज करतो. जुन्या वीसेक पेट्या पडल्यात, त्यांचे नीट फोटो मला हवेच आहेत, मोबाईलवर पितळ नुसतं चमकतं, काही दिसत नाही. फुकट काढून घेणार नाही. भाव त्याने सांगायचा, घासाघीस मी करणार, आणि तुम्ही सोबत आलात तर चहा प्यायचा, मध्ये बोलायचं नाही.