घंटा फक्त पोरांसाठीच का?

आज विद्यार्थ्यांच्या पर्यावरण परिषदेला गेले होते. घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

परिषद विद्यार्थ्यांची आणि व्यासपीठावर एकही विद्यार्थी नाही! सत्कार, प्रास्ताविक, मग लांबतच गेलेलं बीजभाषण. त्याची वसुली अर्थातच पोरांच्या वेळेतून.

दुपारी एका मुलीने आपल्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबवरचं काम मांडलं. डिस्टिल्ड वॉटर बनवताना वाफ थंड करायला नळ सतत सोडलेला असतो आणि ते पाणी थेट बेसिनमध्ये जातं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यामागे त्याच्या कितीतरी पट चांगलं पाणी गटारात. तिने नळीखाली बादली लावून ते मोजलं होतं, तारीखवार वहीत लिहिलं होतं. तेच पाणी टाकीत साठवून पुन्हा कसं फिरवायचं याची आकृती पडद्यावर आली आणि घंटा वाजली. "आवरा आता." एकही प्रश्न नाही, काही नाही.

सकाळीच संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या वाचून दाखवली होती. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं म्हणजे शाश्वत विकास. अहो, ती भावी पिढी समोर वही घेऊन उभी होती! ऐकायला थांबलं कोण? पाहुणे जेवणानंतर निघून गेले होते.

पाहुण्यांशिवाय प्रायोजक मिळत नाहीत, मान्य. काही निबंध नेटवरून उचललेले होते, तेही मान्य. पण वेळेचं बंधन असेल तर ते सगळ्यांना असू द्या ना.

१९९२ च्या रिओच्या जागतिक पर्यावरण परिषदेत सेव्हर्न कलिस-सुझुकी १२ वर्षांची होती. मैत्रिणींबरोबर पैसे जमवून कॅनडाहून गेली आणि देशोदेशीच्या प्रतिनिधींसमोर बोलली. ते भाषण लोक आजही शोधून ऐकतात. तिला कुणीतरी बोलू दिलं म्हणूनच ना?

मला सारखी ती बादली आठवतेय. संयुक्त राष्ट्रांच्या २०३० पर्यंतच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांवर दिवसभर बोललेल्यांपैकी किती जणांनी आपल्या इमारतीतला एक तरी नळ असा मोजलाय?

नंतर ती पोस्टरपाशी भेटली. अजिबात चिडलेली नव्हती. वही उघडून म्हणाली, "मॅडम, सुट्टीत संच बंद असतो, म्हणून ते दिवस मी सरासरीत धरले नाहीत." इतकं बारकाईने केलंय हो पोरीने. माझा राग तिथेच ओसरला, वाईट मात्र अजून वाटतंय.

आयोजकांपैकी बरेच जण माझ्या यादीत आहेत, म्हणून इथेच लिहिते. पुढच्या वर्षी सकाळचं पहिलं सत्र विद्यार्थ्यांना द्या. पाहुण्यांनी खाली बसून ऐकावं, प्रश्न विचारावेत. आणि तिच्या प्राचार्यांपर्यंत कुणाला ही पोस्ट पोचवता आली तर जरूर पोचवा. एक टाकी आणि एक छोटा पंप, एवढंच हवंय तिला.