पास झाली म्हणून नापास

कालच्या बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे दोनच शब्द आहेत : 'काही नाही'. साहेबांनी विचारलं होतं, तुमच्या या कामामुळे सर्व्हरवर नेमकं काय बदललं? मी खरं तेच सांगितलं आणि लिहून घेणाऱ्यानं ते इमानेइतबारे लिहून घेतलं. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या, म्हणजे सर्व्हरची मांडणी ठरवणाऱ्या, कोडमधल्या टेस्ट (आपोआप चालणाऱ्या चाचण्या) आणि डिपेंडन्सी (आम्ही वापरतो तो दुसऱ्यांचा कोड) अपडेट करणाऱ्या माणसानं दुसरं काय सांगायचं? काही बदललं असतं, तर रात्री दोनला फोन आला असता की!

काम म्हटलं तर एका आकड्याचं. पपेट हे आमचं सर्व्हरची मांडणी करणारं साधन. त्यातल्या आमच्या मॉड्यूलच्या मेटाडेटात, म्हणजे माहितीच्या फाइलीत, स्टँडर्ड लायब्ररीची आवृत्ती '९.०.० पेक्षा कमी' हवी असं लिहिलं होतं, तिथं '१०.०.०' करायचं. पण त्याच्या जोडीला पपेट ८ आलं, पपेट ८ बरोबर रुबी ३.२ (पपेट ज्या भाषेत चालतं तिची नवी आवृत्ती) आली, आणि रुबी ३.२ मध्ये फाइल आहे की नाही हे विचारायची 'एक्झिस्ट्स' ही जुनी मेथड, म्हणजे आज्ञा, काढून टाकलेली. शेवटचा एस सोडून 'एक्झिस्ट' म्हणायचं. ती मेथड २०१३ मध्येच कालबाह्य ठरवली होती, काढली २०२२ मध्ये. नऊ वर्षांत हट्टी भाडेकरूसुद्धा जागा सोडतो, आमच्या कोडनं एस सोडला नव्हता.

त्यात आमच्याकडे प्रत्येक टेस्ट मेटाडेटातल्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी चालते, त्यामुळे एका चुकीचं गोकुळ व्हायला वेळ लागत नाही. यादीत सेंटओएस ८ सुद्धा मानानं बसलेलं. त्याचे अपडेट ३१ डिसेंबर २०२१ ला थांबले. म्हणजे आम्ही रोज मेलेल्याची नाडी बघून 'प्रकृती ठणठणीत' असा दाखला देत होतो.

तर अशा लाल पडद्यासमोर मी बसलेलो असताना हिशेबखात्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ आले. त्यांना काम माझ्या शेजाऱ्याकडे होतं. तो जागेवर नव्हता, म्हणून ते त्याच्या खुर्चीत बसले आणि माझ्या पडद्याकडे बघायला लागले.

"हे लाल लाल काय आहे?"

"नापास टेस्ट."

"किती?"

"४१२."

"४१२ चुका केल्यास तू?"

"चूक एकच आहे हो. एस."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी एस खोडला, टेस्ट पुन्हा चालवल्या. सगळं हिरवं, एक सोडून. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"ही एकटी का नापास?"

आता इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण चौथा दिवस होता, डोकं चालत नव्हतं.

"पास झाली म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी समजावून सांगायला गेलो. आरस्पेकमध्ये, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या साधनात, एखाद्या टेस्टवर 'पेंडिंग' लिहून ठेवता येतं, म्हणजे ही सध्या नापास होणार हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही ती चालवली जाते. आणि चुकून पास झालीच, तर तिला नापास धरतात, म्हणजे ती शेरेबाजी काढायची वेळ झाल्याचं आपल्याला कळतं.

"थांब. पोरगं नापास होणार, असं आधीच लिहून ठेवलंत?"

"हो."

"आणि ते बिचारं अभ्यास करून पास झालं?"

"अभ्यास नाही हो, आम्ही वापरतो ती लायब्ररी सुधारली, म्हणून..."

"ते काही असो. पास झालं, तर त्याला नापास केलंत. कशासाठी? तर तुमच्या लक्षात यावं म्हणून!"

"हो."

"अरे, बुडीत धरलेली येणी वसूल झाली, तर आम्ही आनंदानं जमा करतो. पैसे देणाऱ्याला दंड लावत नाही!"

आवाज चढला होता. पलीकडच्या दोघांनी माना वळवल्या. तेवढ्यात शेजारी आला, पण हे गृहस्थ उठायला तयार नाहीत. पोराचा निकाल लागल्याशिवाय ते कसले हलतात!

खरं सांगायचं तर राग मला त्यांचा आला नाही. तो 'पेंडिंग' कुणी तरी तीन वर्षांपूर्वी टाकला आणि कारणाच्या जागी लिहिलं 'नंतर बघू'. हे नंतर बघणारं माणूस दर वेळी मीच कसा निघतो? नवीन सर्व्हर उभा केला की लोकांना टाळ्या मिळतात, जुना पडू दिला नाही तर 'काही नाही' मिळतं. आणि चार दिवसांच्या या कामावर रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीत, एकच शेरा आला : फाइलीच्या शेवटी एक रिकामी ओळ जास्त आहे.

होती. काढली.

आज सकाळी ते गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, "त्या पोराचं काय झालं?"

"पेंडिंग हा शब्द खोडला. आता पास आहे."

"मग चार दिवसांत एकूण काय केलंस?"

"एक आकडा बदलला, एक एस खोडला, एक शब्द खोडला."

"आणि एक ओळ," ते म्हणाले. रिव्ह्यूतला शेरा हिशेबखात्यापर्यंत पोचला होता.