'म्हणे' गळलं कुठे?

परवा घरच्या ग्रुपवर आत्याचा मेसेज आला. रात्रभर भेंडी भिजवून ते पाणी महिनाभर प्यायलं की साखरेची गोळी कायमची सुटते. खाली चार जोडलेले हात. संध्याकाळी फोन केला, तर हीच आत्या म्हणाली, "अरे, भेंडीच्या पाण्यानं साखर उतरते म्हणे."

फोनवर 'म्हणे' होतं. मेसेजमध्ये नव्हतं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

पाऊस पडला, म्हणजे मी पाहिला. पडला असावा, म्हणजे अंगण ओलं दिसतंय, त्यावरून अंदाज. पडला म्हणे, म्हणजे कुणीतरी सांगितलं, माझ्यावर येऊ नका. माहिती कुठून आली हे मराठी माणूस क्रियापदाच्या शेपटाला बांधून टाकतो, तेही नकळत. चिकित्सक विचार वगैरे जड शब्द न ऐकलेल्या आज्याही हे रोज करायच्या. फॉरवर्ड होताना पहिलं गळतं ते हेच शेपूट.

व्हॉट्सअ‍ॅपला तरी एकट्याला कशाला बोल लावायचा? २१ सप्टेंबर १९९५. मी बारावीत. सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिल्लीत गणपती दूध पितोय म्हणे." दुपारी आमच्या आळीतल्या देवळाबाहेर रांग लागली आणि वाक्य नुसतं 'पितोय' एवढंच उरलं. मीही चमचा धरला. कड सोंडेला टेकवून जरा कलती केली की दूध दगडाला धरतं, वर ओढल्यासारखं होतं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, दिसणार काय? शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं तेव्हा ओघळ दिसले. पृष्ठताण! त्याचीच गणितं मी क्लासला इंग्रजीतून सोडवत होतो आणि चमचा हातात असताना एक अक्षर आठवलं नाही.

म्हणून 'मातृभाषेत शिकलं की मूल आपोआप विचार करायला लागतं' हे मला पटत नाही. मराठी शाळेचा मी पक्का समर्थक आहे, पण दहावीपर्यंत मराठीतून मी काय केलं? 'कारणे द्या'ची कारणं पाठ केली!

खरा प्रश्न 'कशावरून?' विचारू देतात का, हा आहे. काय नेमका शब्द आहे! पण आमच्याकडे तो उच्चारला की उत्तर यायचं, "फार शहाणा झालास." शहाणा ही शिवी, शंका काढणारा तो शंकेखोर, पुढे विचारलं तर फाटे फोडतो. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन वेगळे प्रकार होते. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं पाडायला वितंडा. आज वाद म्हणजे भांडण. जल्प कुणाला ठाऊक नाही. वितंडा तेवढी धडधाकट आहे, रोज रात्री नऊला टीव्हीवर.

तर, आत्याच्या मेसेजखाली माझ्या भाच्यानं एकच शब्द टाकला: 'सोर्स?' ग्रुपवर शुकशुकाट. दोन काका रुसले. मग मीच फोनवर हळूच विचारलं, "आत्या, कशावरून गं? तुझी गोळी सुटली का?"

"वेडा आहेस का? आत्ताच घेतली जेवणाआधी."