पेठेपलीकडचा पास

मुंबईत कुपरेजच्या मैदानावर मी १९८८ पासून बारा वर्षे फुटबॉलचा पगारी बचावपटू म्हणून खेळलो. चेंडूत हवा कोण भरते आणि घामट मोजे कोण धुते, याची चौकशी करण्याची वेळ त्या काळात माझ्यावर कधी आली नाही. झिजलेला गुडघा घेऊन कोल्हापूरला परतल्यावर मात्र मुलांना विनामूल्य शिकवण्याची बुद्धी मला झाली आणि ही दोन्ही खाती आपोआप माझ्याकडे आली. चेंडूचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फियर असावा असे नियमात म्हटले आहे. माझ्याकडे तो मोजायला अंगठा आहे, आणि पंपाची सुई दर रविवारी पहाटे हरवते.

एका वडिलांनी सुरुवातीलाच फी विचारली. "काही नाही," असे मी म्हणताच त्यांचा चेहरा पडला, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला भरपूर पैसे घेणाऱ्या क्रिकेटच्या वर्गात घातले. उरलेले पालक कठड्यावर बसून "लांब मार!" हा त्यांना ठाऊक असलेला एकमेव डावपेच अखंड ओरडत असतात.

परंतु माझी खरी परीक्षा पाहिली ती पेठांनी. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या आणि मंडळांच्या नावाने खेळतात, त्यामुळे शाहू स्टेडियमवर कोणासाठी घसा बसवायचा हे इथल्या मुलाला पाढ्यांच्या आधी समजते. शिवाजी पेठेतला माझा दहा वर्षांचा मधल्या फळीतला खेळाडू तिघांना चकवायचा, चौथ्याच्या पायात चेंडू घालवायचा, पण शेजारी मोकळ्या उभ्या असलेल्या मंगळवार पेठेतल्या सवंगड्याकडे पाहायचाही नाही. कारण विचारले तर तो माझीच कीव करत म्हणाला, "सर, त्यो त्यांच्यातला हाय की वो!"

मी सर्वांना एकाच रंगाचे बिब, म्हणजे सरावाचे बिनबाह्यांचे सदरे, घातले, पेठा मिसळून जोड्या लावल्या, आणि पेठेपलीकडे पास दिल्यास मिसळ खाऊ घालण्याचे जाहीर केले. शनिवारी जाता जाता आणखी एक नियमही शिकवला. आमच्या तरुणपणी आघाडी मिळाली की आम्ही चेंडू मागे गोलकीपरच्या हातात देऊन खुशाल वेळ काढत असू. १९९२ मध्ये तो मार्ग बंद झाला: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. हे मी तीनदा बजावले.

रविवारी सामना बरोबरीत असताना, शेवटच्या मिनिटाला, शिवाजी पेठेच्या त्या पोराने मान वर केली, गर्रकन वळला आणि आयुष्यात प्रथमच मंगळवार पेठेला पास दिला. मंगळवार पेठ त्या दिवशी आमच्या गोलमध्ये उभी होती. पास जोरकस आणि अगदी सरळ होता. आमच्या गोलकीपरने दोन्ही हात आभाळाकडे उंच केले आणि चेंडूला अदबीने पायांमधून वाट करून दिली.

"हात लावला नाही, सर," तो अभिमानाने म्हणाला. "आन् मी पास दिला," दुसऱ्याने मिसळीची आठवण करून दिली. कठड्यावरच्या दोन्ही पेठांच्या पालकांनी बराच वेळ आपसांत चर्चा केली आणि चूक सरांची असल्याचे एकमताने ठरवले.